तोंड आलंय

मराठीत म्हणतात, तोंड आलंय.
जणू इतके दिवस कुठे बाहेरगावी होतं
आणि आज पहिल्या गाडीनं उतरलं,
पिशवीबिशवी घेऊन.
घसा तर तीन दिवस बसलेलाच होता,
त्याला सोबत झाली.

खालच्या ओठाच्या आत, डावीकडे,
मसुराच्या डाळीएवढा पांढरा ठिपका,
भोवती लाल कड.
सोमवारी उंड्याचं कडक टोक लागलं होतं तिथं.
तेच कारण असेल, किंवा तेही नसेल.

मी फोंड्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो
आणि गाड्या पुकारतो.
अकरा वर्षं झाली, पण ध्यानात आलं नव्हतं
की निम्मा गोवा ओठांनी बोलायचा असतो.
पणजी. म्हापसा. मडगाव. माशेल.
पेडणे, बांबोळी, म्हार्दोळ, बेतकी.
दर नावाला ओठ ओठाला भेटतो
आणि सुई टोचते.
वास्को म्हणताना वरचे दात नेमके तिथंच येऊन टेकतात.
खुद्द फोंडाही दुखतो, जिथं मी बसलोय.

सांगे दुखत नाही.
काणकोण दुखत नाही.
कुडचडे तर गार दुधासारखं उतरतं.
पण तिकडे जाणारे माझ्या खिडकीशी येतात किती?

त्यात माझं नाव फटी.
कायतान ड्रायव्हर विचारतो, "किदें जालें रे फटी?"
मी ओठ खाली ओढून दाखवतो.
तो वाकून बघतो, टायरमधला खिळा बघावा तसा,
आणि म्हणतो, जाईचा पाला चघळ.
कँटीनची सुलक्षा म्हणते, साजूक तूप.
झाडू मारणारा उत्तम म्हणतो, पेरूची कोवळी पानं.
केरकर साहेब आवाज खाली आणून म्हणतात,
पोट साफ होतंय ना?
संध्याकाळपर्यंत अख्ख्या स्टँडला माझं पोट ठाऊक.

बुधवारी मी ओठ न मिटता पुकारून बघितलं.
हणजी. नडगाव. हेडणे.
एक म्हातारी खिडकीशी आली, हातात अळवाची जुडी.
"ही हेडणे कुठं आली रे पुता?
मला पेडण्याला जायचंय."
मी उठलो. तिची पिशवी घेतली,
फलाटापर्यंत गेलो, गाडी हातानं दाखवली.
अकरा वर्षांत खिडकी सोडून कुणाबरोबर चाललो नव्हतो.
पायरीवर चढताना ती कंडक्टरला म्हणाली,
मुक्या माणसांना सरकारनं नोकरी दिली, ते बरं केलं.

रात्री बायको मोबाइलचा उजेड तोंडात धरते.
"माझ्या भावाला असंच..." म्हणते आणि
तिथंच थांबते.
वडिलांची तंबाखूची डबी अजून फळीवर आहे.
आम्ही दोघं तिकडे बघत नाही.
ती उकड्या तांदळाची पेज निवत ठेवते,
आज तोंडी लावायला तोरां नाहीत.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी.
लाकडी पट्टी, छोटी बॅटरी, म्हणाली, आ करा.
आ ला काही त्रास नाही, आ ला ओठ लागत नाहीत.
"साधं आहे. आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल.
तीन आठवड्यांत नाहीच गेलं, तर परत या."
आणि घसा?
"बोलून बोलून बसलाय. दोन दिवस बोलू नका."
नोकरी काय करता, हे तिनं विचारलं नव्हतं.
मी हसलो,
आणि हसताना ओठ ताणला गेला.

दहाव्या दिवशी उठलो तर नव्हतं.
कधी गेलं, कुठल्या गाडीनं गेलं, पत्ता नाही.
पणजी म्हणून बघितलं, आरशासमोर, दोनदा.
बायकोनं आतून विचारलं, काय हवंय?

जीभ मात्र अजून तिथं जाते.
म्हापशाची गाडी चारवरून सहावर हलवली
त्याला वर्ष होत आलं,
मी रोज माइकवरून सांगतो, आता घसाही साफ आहे,
तरी सकाळी चार नंबरला
पाच-सात माणसं उभी असतात.