पेटीवरची वेल

पेटी मी करतो. फुलं गुनवोर काढते.
चाळीस वर्षं हाच व्यवहार
आणि चाळीस वर्षं एकच भांडण:
मी बिनगाठीची फळी निवडून आणतो,
ती म्हणते, "आस्लाक, ही फळी मुकी आहे."

तिच्या घराण्यात रंग होता, पण करडा.
बाप वीजघराच्या नळांना रंग द्यायचा,
डोंगर उतरणारे पुरुषभर जाडीचे नळ;
खालच्या टोकाला पोचेपर्यंत
वरच्या टोकाला गंज धरलेला.
एक ब्रश, एक डबा, तीस उन्हाळे.

आमच्या दरीत सूर्य ऑक्टोबरात डोंगराआड जातो
तो मार्चच्या मध्यावर
शाळेच्या छपरावर येऊन टेकतो.
मधल्या महिन्यांत, ती सांगते,
स्वयंपाकघराच्या काचेवर थंडी नेचे काढायची
आणि आई ते फडक्यानं पुसायची. रोज.
"तीच माझी चित्रशाळा.
पुसलं जाणार म्हणून भराभर बघायला शिकले."

वेल दिली चुलतआजोबांनी, म्हाताऱ्या तार्यायनं.
वळणातून वळण, कोंबातून कोंब,
हात उचलायचा नाही,
श्वास सोडायचा तो पान संपल्यावर.
त्या पानाचं नाव अकँथस.
ते झाड दरीत कुणी पाहिलेलं नव्हतं.
आमच्या पणज्या, खापरपणज्या
न पाहिलेल्या झाडाखाली
लोकरीचे मोजे घडी करून ठेवत आल्या.

एका उन्हाळ्यात गुनवोर ग्रीसला गेली,
ते झाड बघायला म्हणून.
"होतं रस्त्याच्या कडेला. धुळीनं माखलेलं, काटेरी.
एक पान गोगलगाईनं अर्धं खाल्लेलं.
त्या खाल्लेल्या भागापाशी बसून राहिले.
बोट चुकली."
बास. एवढंच बोलली.

तेव्हापासून तिच्या वेलीला भोकं पडू लागली.
गिऱ्हाइकं कुरकुरली:
नवरीच्या पेटीवर किडकं पान?
एका बाईनं पैसे परत मागितले.
मी दिले, माझ्या खिशातून;
गुनवोरला अजून माहीत नाही.

या हिवाळ्यात वैतागून
मी टाकाऊ फळीची पेटी केली.
झाकणाच्या मधोमध गाठ, मुठीएवढी, काळी,
भोवती चीर.
म्हटलं, घे. बोलू दे हिला काय बोलायचंय ते.

तीन आठवडे तिनं ब्रश लावला नाही.
पेटी शेगडीपाशी पडून.
येता-जाता गाठीवर तळवा ठेवायची,
गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा.

मग एका दुपारी वेल निघाली,
खालच्या डाव्या कोपऱ्यातून,
दगडफुलाच्या हिरवट करड्यात
(बापाच्या डब्यातला करडा, मी ओळखला),
वळली, फुटली, पुन्हा वळली,
गाठीपाशी आली
आणि थांबली.
गाठीवर रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

"इथे फांदी होती," गुनवोर म्हणाली, "खरी.
तिच्यावर मी काय काढू?"

ती पेटी विकली नाही. माझ्याकडेच आहे,
खिडकीखाली. आत हातमोजे, जुनी बिलं.
काल ऊन आलं, बोटभर,
शाळेवरून सरकत माझ्या घरापर्यंत,
आणि गाठीच्या चिरेतून
राळेचा एक थेंब वर आला.

मी फडकं घेऊन गेलो होतो.
तसाच उभा राहिलो.