बद्द

बुलावायोच्या शेडमध्ये गॅरेट उभं आहे.
उभं कसलं, पसरलंय:
पुढं पाण्याची टाकी, मागं कोळसा,
दोहोंखाली आपापली चाकं, आपापली सिलिंडरं,
आणि मध्ये, दोन खुंट्यांवर टांगलेला बॉयलर,
डोलीतून नेतात तसा.
नंबराची पितळी पाटी कुणीतरी कधीच विकून खाल्ली.
बाजूवर खडूनं लिहिलंय, हात लावू नये.
आम्ही हातच लावायला आलोय.

झेफानिया न्दिवेनी, बॉयलरमेकर.
मी त्यांना खुलू म्हणते, आमच्यात आजोबांना म्हणतात तसं.
चाळीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकल्या,
कान त्या पोटातच राहिले.
आणि आता काम कसलं, तर ऐकायचं.

अग्निपेटीच्या दोन भिंती एकमेकींना धरून असतात
बाराशे स्टेंनी, बोटाएवढ्या जाड.
एकेकावर हातोडी मारायची.
धड असला तर खणखणीत,
तुटला असला तर बद्द.
आई बाजारात मडकं घेताना टिचकी मारते,
तेवढंच शास्त्र.

खांदे तिरके करून मी भट्टीच्या दारातून आत.
ते बाहेर, दुसऱ्या टोकावर तळहात टेकून.
माझा एक ठोका म्हणजे ठीक,
तीन म्हणजे खूण करा.
काजळी, बॅटरी, दातांत वाळू.
दुपारपर्यंत सहा ओळी झाल्या.

सातव्या ओळीतला एकोणिसावा:
खण्ण. चर्चच्या घंटेसारखा. मी एक ठोका दिला.
बाहेरून तीन आले.
मी पुन्हा मारला. खण्ण. एक.
तीन.
अर्धा तास आम्ही लोखंडातून भांडलो.
शेवटी बाहेर सरपटत आले,
म्हटलं, आणि हातांनीही सांगितलं,
खुलू, तुम्हाला ऐकू येत नाही.
त्यांनी माझा तळहात धरून त्या टोकावर ठेवला,
आणि शेजारच्यावर. आणि पुन्हा त्यावर.
मला काही कळलं नाही.

ड्रिल करून काढला.
तीन हिस्से तडा, जुना, गंजानं तांबूस,
उरलेला दोऱ्याएवढा पांढरा.
काही न बोलता त्यांनी तो तुकडा खिशात टाकला,
चष्म्याच्या शेजारी.
त्या रात्री सहा ओळी मी पहिल्यापासून सुरू केल्या.

जूनमध्ये पैसे संपले.
जुलैत तांब्याचा पाइप चोरीला गेला.
ऑगस्टमध्ये चोरच वेल्डरची नोकरी मागायला आला.
दिली. हात चांगला आहे.
खुंट्यांच्या पोलादी थाळ्या झिजून वाटीसारख्या झालेल्या,
त्या नव्या कातल्या, ग्रीस भरलं.
वाफ वळणावरही गळू नये म्हणून पाइपांना
खांद्यासारखे गोल सांधे असतात.
ते मी बसवले. दोनदा. पहिल्यांदा गळले.

सप्टेंबरात ह्वांगेचा कोळसा आला.
भट्टी पेटवली, दीड दिवस नुसती ऊब.
मग सिमेंट साइडिंगकडे निघालो, अकरा रिकामी वाघिणी घेऊन.

एकाच बॉयलरची वाफ पिणारी दोन इंजिनं,
पण त्यांना एकत्र बांधलेलं नसतं.
पुढचं जरा घसरतं, मागचं रेटतं,
ठोके एकमेकांत घुसतात,
दोन माणसं एकदम बोलावीत तसा कालवा.
चढावर खुलूंनी कॅबच्या पत्र्याला तळहात लावला,
डोळे मिटले,
आणि एक बोट वर केलं.
मला अजून कालवाच ऐकू येत होता.
मग आलं.
दोन्ही इंजिनं एका पायावर:
धड, धड, धड, धड,
सारं माळरान त्या एका पावलाखाली.
फार तर वीस ठोके. मग पुन्हा सुटलं, आपापलं.

खुलू हसले नाहीत. घाम पुसला.
प्रत्येक रुळाच्या सांध्याला त्यांच्या खिशात
तो तुकडा चष्म्यावर आपटत होता.
बद्द. बद्द.
मला ऐकू येत होतं.
सांगितलं नाही.