दोन खेपांच्या मधे

सेल काढून ठेवायचे. हा पहिला नियम.
मागच्या पावसाळ्यात राहिले आत,
तर स्प्रिंगांना हिरवं पिठूळ फुटलं,
चिंच लावून घासून काढलं मी
देवाची भांडी घासावीत तसं,
तेव्हा कुठं पुन्हा कण्हायला लागलं.
आता आठही सेल तपकिरीच्या रिकाम्या डबीत,
डबी देव्हाऱ्याखालच्या खणात,
वाती नि काडेपेटीच्या शेजारी.
सेलांनाही तपकिरीचा वास लागलाय.

तबकडी धोतराच्या फडक्यात.
दांडा सुटा करून, तीन तुकडे, रबरानं बांधून.
कॉटखाली नको, ट्रंकेवर नको,
लोखंडी कपाटाच्या जवळपाससुद्धा नको.
म्हटलं, एवढं सोवळं?
मिस्त्री म्हणाले, "सोवळं न्हवं. दाबली तर तबकडी वाकडी हुती."
(गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. मीपण.)
मग दाराआडच्या खुंटीला, छत्रीशेजारी.
पाहुणे विचारतात, औषध मारायचा पंप का?
मी हो म्हणते. चहा टाकते.

उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं गेली,
उजवा कान गेला, डावा राहिला.
त्या डाव्या कानावर हा धंदा.
ऊस तुटला की बोलावणी येतात.
रुकडीला आदगोंडा पाटलांच्या सुनेच्या साजातलं
एक पान पडलं होतं खोडव्यात.
दोन दिवस पाचट उलथं केलं,
निघाले नांगराचे फाळ, बैलाच्या नाला, एक चमचा,
तिसऱ्या दिवशी एका ढेकळातनं ते पान.
मजुरी म्हणून गुळाचा रवा आला घरी.
मुंग्यांनी आधी खाल्ला, मग आम्ही.

रात्री दहानंतर कडी वाजवणारे वेगळे.
गाडी लांब लावतात, आवाज खाली घेतात,
अमुक माळावर हंडा हाय म्हणतात,
निम्मं तुमचं.
मिस्त्री म्हणतात, बंद पडलंय ओ,
आणि चालू करून दाखवतात, लागत नाही.
सेल डबीत असले
की खोटं बोलायचं पाप अर्धंच.

पुराच्या साली पाणी दुधाळीकडून वर आलं.
माळ्यावर पहिलं यंत्र गेलं,
मग शेगडी,
मग मी.
हे अजून मी ऐकवते त्यांना.
पाणी उतरल्यावर महिनाभर गल्लीचा चिखल चाळला,
कुणाची जोडवी, कुणाच्या मुलीची चेन,
कुणाकडून पैसा घेतला नाही.
मग आमची फरशी उखडून नवी घातली,
तीही त्यांनीच, एकट्यानं.

तर नियम दुसरा: निघायच्या आदल्या रात्री
जोडून, सेल घालून, घरातच एकदा फिरवून बघायचं.
मी रुपयाचं नाणं टाकते फरशीवर, ते शोधतात.
खेळ आहे म्हातारपणाचा.
खिळ्याचा आवाज घसा बसल्यासारखा,
तांब्याचा मधला,
चांदीचा बारीक, लांब, सरळ वर जाणारा.
इतक्या वर्षांत मलाही कळतो.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत, तिसऱ्या फरशीवर,
ते दर खेपेला बोलतं.
बारीक. लांब.

मिस्त्री थांबतात.
दुसऱ्यांच्या रानात एवढ्या आवाजाला
गुडघे दुखत असताना खाली बसतात ते,
खुरपं मागतात, हातानं माती भुगा करतात.
इथं नुसती तबकडी उचलून घेतात.
"खिळा असंल," म्हणतात.
डावा कान माझ्याकडं असतो.
"असंल," मी म्हणते,
नि त्या फरशीवर पाय न देता
आत जाऊन भाकरीचं पीठ घेते.

परवा पट्टणकोडोलीहून माणूस येऊन गेला,
बायकोची अंगठी, भुईमुगाच्या रानात.
उद्या सहाची एसटी.
फडकं धुऊन वाळत टाकलंय.
डबी उघडून सेल मोजले,
आठ आहेत.