चुना

चुना लावायचं काम माझं.
हसा. पेठ सत्तावीस वर्षं हसत आली,
इलाही शिकलगार, महापालिका रोजंदारी, चुना.
आधी खुंटी, मग सुतळी,
मग पत्र्याच्या गाडीतून पांढरी रेघ.
मधल्या वर्तुळाला दहा यार्डांची दोरी,
ती आमच्या बुजलेल्या आडाच्या पोहऱ्याची.
अजून तुटलेली नाही.

तेव्हा दगडोबा तालमीचा संघ जुन्या मैदानावर खेळायचा.
एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला रेडेकरांचा गोठा.
चेंडू गोठ्यात गेला की धोंडूबाई ओरडायची,
"म्हस बिथारली तर दूध तुमच्या बापाला काढाय लावीन!"
आणि वैरणीतनं चेंडू स्वतःच फेकायची,
डाव्या हातानं, थेट कॉर्नरला.

मग कंपनी आली.
माणसं वाईट नव्हती. तालमीत शिरताना
कुणी न सांगता बूट बाहेर काढले.
म्हणाली, पोरांना लीगमध्ये नेतो,
फक्त मैदान तेवढं माणसांसारखं द्या.

तर कळंब्याच्या बाजूला बासष्ट कोटींचं स्टेडियम झालं.
घरफाळ्याच्या पावतीत एक नवी ओळ आली,
क्रीडा उपकर, दोनशे दहा रुपये.
आम्ही भरला. खरं सांगतो, हौसेनं भरला.
माझ्या थोरल्या बहिणीनं तर भिंतीला चिकटवली पावती,
म्हणाली, त्यातली एक खुर्ची माझी.

हिरवळीला रोज चार टँकर.
आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड, तेही पहाटे तीनला.
शकुंतला बुचडे सभागृहात रिकामी घागर घेऊन उभी राहिली,
काही बोलली नाही, नुसती वाजवली.
फुटबॉलच्या विरोधात आहे म्हणून
तिच्या दारात फटाके लावले आम्हीच.
मी पण होतो त्यात.

तीन हंगाम.
चौथ्याला कंपनीला बारा गार खोल्या हव्या झाल्या,
काचेच्या, वर, पाहुण्यांसाठी.
महापालिका म्हणाली, पैसा नाही.
कंपनी म्हणाली, पुण्याला आहे.
मग करार उघडला. बेचाळीस पानं.
कलम चौदा: संघ म्हणजे नाव, रंग, बोधचिन्ह, खेळाडू.
वकिलानं दोनदा वाचून दाखवलं.
पेठ हा शब्द कुठंच नव्हता.
कोण घालणार? आम्हाला तरी कुठं सुचलं होतं.

मंगळवारी रात्री टेम्पो आला.
जाळ्या गेल्या, जर्सी गेल्या,
कपाटातली ती वाकडी ढाल पण,
सांगलीला चिखलात जिंकलेली.
वस्ताद गणपा अतिग्रे दारात लुंगीवर उभे.
म्हणाले, "जरा हातात द्या."
दिली. त्यांनी धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसली
आणि परत दिली.
पोऱ्यानं त्यांची सही घेतली.

पहिला सामना तालमीत टीव्हीवर बघितला.
रंग तोच, निळ्यावर भगवी पट्टी.
समालोचक म्हणाला, यजमान संघ.
कुणीतरी आवाज बंद केला.
एकोणचाळिसाव्या मिनिटाला आपल्या अर्जुनानं गोल मारला,
अर्जुन सुतार, शाळेच्या भिंतीवर डोकं आपटून हेडर शिकलेला.
ओरडायचं का नाही
हे पोरं एकमेकांकडं बघून ठरवत राहिली.
तेवढ्यात रिप्ले पण संपला.

माझी हजेरी कुणी थांबवलेली नाही.
दर शनिवारी नव्या स्टेडियमवर रेघा मारतो.
सध्या तिथं ट्रॅक्टरचं प्रदर्शन आहे.
पेनल्टीच्या ठिपक्यावर लाल नांगर उभा,
मी त्याच्या भोवतीनं जातो.
उरलेला चुना पिशवीत घालून जुन्या मैदानावर.
पोरं विचारतात, चाचा, माप?
म्हटलं, गोठ्यापतूर.

परवा घरफाळ्याची पावती आली.
ती ओळ अजून आहे.
अगदी सरळ.
माझ्या हाताची नव्हे.