दोन्ही हात भरलेला माणूस

जिथे पूर्वी कागद व्हायचा
त्या गिरणीत आता यंत्रांना गार वारा घालतात.
उत्तर फिनलंड, तळ्याचा काठ, उणे सत्तावीस.
हिल्क्का फाटकाच्या चौकीत, मी आत पडद्यापुढे.
पगार एकाच खात्यातून, राखण वेगवेगळी.

माझ्याकडे येणाऱ्यांना पाय नसतात.
रात्रभर दारं चाचपतात:
हे बंद आहे का, हे,
आणि हे जुनं, कोणीतरी विसरलेलं?
पहाटेपर्यंत चाळीस हजार वेळा टकटक.
मी चहा पितो. एकाचाही चेहरा मला ठाऊक नाही.

हिल्क्काकडे वर्षाकाठी तिघं-चौघं.
एकदा कळप चुकलेला रेनडिअर.
एकदा तिचाच भाऊ, प्यायलेला,
याच गिरणीत एकतीस वर्षं राबलेला,
भोंगा झाला, आत सोड म्हणत.

त्या गुरुवारी एक तरुण आला.
दोन्ही हातांत केकची खोकी,
हनुवटीखाली दाबलेले हातमोजे,
पापण्यांवर हिम.
"आत वाढदिवस आहे. कार्ड खिशात राहिलं.
जरा दार धराल?"

हिल्क्का अशा खेड्यातली
जिथे कुलूप कोणी विकत घेत नसे.
दाराला झाडू आडवा टेकवला
की समजायचं, घरात कोणी नाही.
एवढीच राखण, आणि ती पुरायची.
गारठलेल्याला आधी चुलीपाशी,
नाव मग विचारायचं.

काचेआडून ती म्हणाली,
"खोकी खाली ठेवा. कार्ड काढा."
"बर्फात?"
"बर्फात."

अकरा मिनिटं. कॅमेऱ्यात मी पाहत होतो.
तो पाय आपटत होता,
तीही बसली नाही, उभीच.
मग तो हसला, एक पत्र काढलं:
कंपनीनेच पैसे मोजून धाडलेला,
आमची कडी हलते का बघायला.
ते पत्रही तिने फोन लावून पडताळलं,
मगच दार उघडलं.
खोकी रिकामी होती.

अहवालात तिच्या नावापुढे "उत्तीर्ण".
सकाळी साहेबांनी टाळ्या वाजवल्या,
माझ्या चाळीस हजारांचं कोणी विचारलं नाही.

गाडीपाशी ती एवढंच बोलली,
"ओठ मात्र त्याचे खरेच निळे पडले होते."
आणि किल्ली न फिरवता
बसून राहिली, काचेवरचं हिमही न खरवडता.

दुसऱ्या रात्री कामावर आलो
तर चौकीच्या दाराला
झाडू आडवा टेकवलेला.

आत दिवा होता.
आत ती होती.