अजून दहाच मिनिटं

पायथ्याशी फलक होता: हाकबोंग माथा, दोन पूर्णांक चार किलोमीटर.
मामानं तो वाचला नाही.
एकतीस वर्षं सदतीस नंबरची बस चालवलेला माणूस,
बुटांच्या नाड्या दुहेरी बांधून म्हणाला,
चल हेयॉन, ऊन डोक्यावर यायच्या आत.

पुढच्या फलकावर खारीचं चित्र.
ओकची फळं वेचू नका, हा आमचा हिवाळ्याचा शिधा आहे.
त्याच फलकाला टेकून एक बाई
कोटाचे खिसे भरत होती.
आम्ही दिसताच ती आभाळ न्याहाळू लागली.

मग पायऱ्या. नुसत्या पायऱ्या.
लाकडी, दगडी, मुळांच्या,
आणि सगळ्यांवर नोव्हेंबरचा ओला पाचोळा,
ज्याच्याखाली पायरी आहे की नाही
हे पाय टाकल्याशिवाय कळत नाही.

माझा गुडघा मार्चमध्ये उघडून शिवलेला.
चाला, डॉक्टर म्हणाले होते, पण सपाटीवर.
हे मी मामाला सांगितलं नव्हतं.
तो मात्र दर शंभर पायऱ्यांनी
न सुटलेली नाडी बांधायला वाकत होता.

वरून उतरणारे कडेला सरून वाट देत.
लाल जाकिटातल्या काकूंना विचारलं, किती राहिलं?
आलंच की! दहा मिनिटं.
पाव तासानं एक शाळकरी पोरगा: दहा मिनिटं.
त्यानंतर एक भिक्षू, हातातल्या पिशवीत उडालेले दिवे,
वरच्या मठातले, बदलून आणायचे असावेत.
तोही म्हणाला, दहाएक.

मामा, ही माणसं खोटं का बोलतात?
खोटं नाही, तो म्हणाला,
डोंगराचं घड्याळ डेपोत लावलेलं नसतं.
हे वाक्य तो मघापासून जुळवत असावा.
म्हणून तर मागे वळून पाहिलं त्यानं,
मी हसते का ते.

माथा.
नाव कोरलेल्या शिळेपाशी फोटोची रांग.
कठड्यापलीकडे एकामागे एक डोंगर,
जवळचा शेवाळी, मग निळा, मग राखाडी,
शेवटचा तर आहे म्हणावं तर आहे.
खाली कोबी काढून रिकामी झालेली शेतं,
नुकते विंचरल्यासारखे तास,
आणि नदीचं वळण. ते बघून
शेजारचा माणूस फोनवर कुणाला तरी म्हणाला, तू यायला हवं होतंस.

मामा दूरचं बघतच नव्हता.
खाली रस्त्याचा दोरा, दोऱ्यावर
तांदळाच्या दाण्याएवढं निळं काहीतरी.
त्यानं बाही वर केली.
चार मिनिटं उशीर, म्हणाला. ग्वाक असणार.
पुलाआधी गिअर बदलत नाही तो, किती सांगितलं.
दाणा वळणाशी आला
तेव्हा मामाच्या उजव्या बुटानं
कठड्याखालचा दगड अलगद दाबला.
दाणा वळला. बूट उचलला गेला.

मग त्यानं काकडी मोडली, अर्धी मला दिली,
उरलेली कागदात गुंडाळून ठेवली.

उतरताना एक बाई झाडाला धरून उभी,
चेहरा बीटासारखा.
किती आहे हो अजून?
मी प्रामाणिकपणे हिशेब केला. चाळीस मिनिटं, म्हटलं.
ती पायरीवर बसली.
पाचोळ्यात, ओल्यात, बसलीच.
हिचं ऐकू नका, मामा मागून म्हणाला,
शहरातली आहे ही. दहा मिनिटं.
आणि कागदातली काकडी तिच्या हातावर ठेवली.
तिनं एक घास खाल्ला, आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं,
विश्वास बसला नसावा. पण उठली.

पायथ्याशी हवेच्या नळीनं मामानं
माझ्या बुटांवरची धूळ उडवली, मग पँटच्या घड्यांमधली,
गुडघ्यापाशी आल्यावर नळी लांब धरली.

थांब्यावरच्या बाकावर त्यानं आपली पाठपिशवी
माझ्या पोटरीखाली सरकवली.
मार्चमध्ये ना?
हो.
तुझी आई फोनवर काही लपवू शकत नाही.

बाई मघाची आता कुठवर पोचली असेल?
मामानं डोंगराकडे पाहिलं नाही.
बाही वर केली, घड्याळ पाहिलं.
बस अकरा मिनिटांत, म्हणाला.
ग्वाक असला तर पंधरा.