ओला फुगा, कोरडा फुगा

बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, अवकल समीकरणं होती,
कागदावर वारा सोडवला, पाचपैकी साडेचार.
मग इथं, पांढऱ्या झडपांच्या पेटीपाशी
मगदूम सर म्हणाले : आधी वाक.
डोळा पाऱ्याच्या रेषेत आण.
वरून बघशील तर हवा खोटं बोलेल
आणि खाली सही तुझी असेल.

साडेआठ म्हणजे साडेआठ.
रंकाळ्यावर पलीकडचा काठ गायब,
मी लिहिलं : दाट धुकं.
"दाट म्हणजे किती?
शालिनी पॅलेसचा मनोरा दिसतोय? अलीकडचं झाड?
अंतर लिही. विशेषण नको."

महिनाभर मलमलीची चिंधी बदलली,
आभाळाचे आठ भाग करून ढग मोजले.
मान अवघडली.

बापू गुळव्या. काहिलीतल्या बुडबुड्यांवरून
पाक ओळखतात, थर्मामीटर कशाला, म्हणतात.
तरी काल फोन :
"उद्या ढग हाय काय गं? चिपाडं वाळवायची हाईत."

नकाशे उलगडले.
तीन मॉडेलं, तीन तोंडं.
सांगितलं, ढगाची शक्यता साठ टक्के.

पलीकडं काहील रटरटत होती.
"बरं," बापू म्हणाले,
"मग त्या चाळीसाचं बी सांग की."